एक घर सोडून एक घर

भिकूबाबांनी फोनवर नमस्कारसुद्धा केला नाही. "मॅडम, तुमच्या कंप्युटरान आमची अब्रू काढल्यान," एवढंच म्हणाले.

भिकूबाब म्हणजे सर्वणच्या बाजूच्या एका गावातल्या देवस्थानचे सेक्रेटरी. गावाचं नाव मी सांगत नाही, तिथे मला अजून जावं लागतं. निवृत्त पोस्टमास्तर, वय सत्तरच्या पुढे. रागावले की ते शुद्ध मराठीत बोलायचे आणि दुखावले गेले की गावच्या बोलीत. त्या सकाळी ते गावच्या बोलीत बोलत होते, म्हणून मी हातातला चहा खाली ठेवला.

आमचं ऑफिस डिचोलीत, एका औषधाच्या दुकानाच्या वर. पाच टेबलं. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट, शाळांचे निकाल, असली छोटी सॉफ्टवेअर आम्ही करायचो. मी पेडण्याची, लग्न होऊन डिचोलीत आलेली, आणि या धंद्यात केस पिकवलेली. जीभ तिखट आहे, हे मला घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे सांगून झालेलं आहे.

भिकूबाबांचं काम साधं होतं. त्यांच्या गावात उत्सवानंतर देवाची पालखी घरोघर जाते. दर संध्याकाळी एक वाडा, म्हणजे गावातली एक वस्ती. दारात रांगोळी, समई, आरतीचं ताट घेऊन घरचे उभे राहतात. आदल्या दिवशी प्रत्येक घराला मोबाइलवर मेसेज पाठवायचा: 'उद्या सायंकाळी श्रींची पालखी आपल्या दारी येईल. आरतीची तयारी ठेवावी.' सुतक असेल त्या घरापाशी पालखी थांबत नाही, म्हणून तिथे मेसेजही जाता कामा नये. भिकूबाब गावात कुणी गेलं की कंप्युटरवरच्या यादीत त्या घरांपुढे 'सुतक' असं लिहून ठेवायचे. बाकीचं आमच्या स्क्रिप्टने करायचं. स्क्रिप्ट म्हणजे कंप्युटरला ओळीने लिहून दिलेल्या सूचना, दुसरं काही नाही.

"काय झालं ते सांगा तरी," मी म्हटलं.

"पुंडलिक गेलो तां तुमका ठावक असा?"

"नाही."

"तीन दिस झाले. गावसांची आठ घरां, एका रांगेत. सगळे भाऊबंद. आठांकय सुतक. मी आठांपुढेय लिवलंय. आणि काल चार घरांक मेसेज गेलो. पालखी येता, आरती तयार ठेवा म्हणान. त्या चारांत पुंडलिकाचा घर."

मी कागदावर आठ रेघा ओढल्या.

"एक घर सोडून एक," ते पुढे म्हणाले. "दुसऱ्याक, चौथ्याक, सहाव्याक, आठव्याक. आता भाऊबंद म्हणतत, कोणी मुद्दाम केल्यान. कंप्युटर काय असो मोजून चुकता?"

कंप्युटर असाच मोजून चुकतो. 'एक घर सोडून एक' हे ऐकताक्षणी मला चूक कळली होती. नव्याने पायथन शिकणारा माणूस ही चूक कधी ना कधी करतोच. पायथन म्हणजे ज्या भाषेत आम्ही ती स्क्रिप्ट लिहिली होती ती.

ती लिहिली होती नूतनने. नूतन एक्केचाळीस वर्षांची, आमच्या ऑफिसातली सगळ्यांत नवी. त्याआधी ती पाळी गावातल्या एका खाणीवर काट्याला होती. काटा म्हणजे खनिजाने भरलेले ट्रक तोलायची जागा. पंधरा वर्षं तिने ट्रक तोलले. मग खाण बंद पडली. काही वर्षं घरात काढली, मुलगी कॉलेजला गेल्यावर संध्याकाळचा कोर्स केला, आणि मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर परीक्षा देऊन आमच्याकडे आली. पालखीची स्क्रिप्ट हे तिचं पहिलं काम, जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिचं एकटीचं होतं. पहिल्या वाड्याचे मेसेज बरोबर गेले त्या दिवशी तिने ऑफिसात सगळ्यांना पातोळ्या करून आणल्या होत्या.

ती समोरच्याच टेबलावर होती. फोन ठेवून मी तिला पुंडलिकाचं सगळं सांगितलं. तिचा हात कीबोर्डवर थांबला.

"नूतन, लूप चालू असताना त्याच लिस्टमधून नावं काढलीस?"

"होय मॅडम. सुतक असा तां नाव काढून टाकलां."

"टेस्ट केली होतीस?"

"केल्लंय. धा नावां घेतलंय. त्यातली दोन सुतकाची. बरोबर चलला."

"कितवी होती ती दोन?"

"तिसरा आणि सातवा."

"दोन सुतकाची घरं शेजारी शेजारी घालून बघायचं डोक्यात नाही आलं? सुतक काय एकेकट्या घराला येतं? तू गावातली ना?"

माझा आवाज चढला होता. पलीकडच्या टेबलावरची मुलं मान खाली घालून कामाला लागली. नूतनने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, तुमी बघितलात. चलतला म्हणालात."

खरं होतं. दोन आठवड्यांपूर्वी ती कागद घेऊन माझ्यापाशी आली होती. मी उभ्या उभ्या नजर टाकली आणि 'चालेल' म्हटलं. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती. इतक्या वर्षांच्या अनुभवाचा मला जो काही तोरा होता, तो त्या एका वाक्याने उतरला. मला तिची क्षमा मागायला हवी होती. मी चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात अमोल केबिनमधून बाहेर आला. अमोल आमचा बॉस, वयाने माझ्या भाच्याएवढा. भिकूबाबांनी त्यालाही फोन केलेला दिसला.

"विजूमॅडम, क्लायंट खूप अपसेट आहे. आज संध्याकाळी पुढच्या वाड्याचे मेसेज जायचेत. पाचपर्यंत फिक्स पाहिजे. आणि नूतनला सध्या डाटा एंट्रीवर घेऊ. कोडिंग नको."

"चेक मी केलं होतं," मी म्हटलं. "मलाही डाटा एंट्रीवर घे."

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

अमोलने घड्याळाकडे बघितलं. "पाचपर्यंत बघू," म्हणाला आणि आत गेला.

नूतनने मात्र ऐकायचं ते ऐकलं होतं. तिने ड्रॉवरमधली आपली वही, पेन, डबा पर्समध्ये घालायला घेतलं. "काट्यार पंधरा वर्सांत एक ट्रक माझो चुकलो नाय," ती म्हणाली, मला नाही, त्या पर्सला. "हंय पाच म्हयन्यांत गेलेल्या माणसाच्या घरात मेसेज धाडलंय. माका ह्या जमूचा नाय मॅडम."

"बस खाली," मी म्हटलं. "आधी चूक समजून घे. मग जायचं तर जा."

आता ही चूक नेमकी काय, ते थोडक्यात सांगते. लिस्ट म्हणजे यादी. लूप म्हणजे यादीवर वरून खाली बोट फिरवणं: पहिलं नाव बघ, दुसरं बघ, तिसरं बघ. कंप्युटरला नाव कळत नाही, त्याला फक्त कितव्या जागेवर आपण आहोत ते कळतं. मी टेबलावर आठ पेपरक्लिप ओळीत मांडल्या आणि समजवायला लागले. पहिली काढली, ओळ पुढे सरकवली. तोंड उघडणार तेवढ्यात नूतनने माझा हात धरला.

"रवा मॅडम. ही ट्रकांची रांग."

"म्हणजे?"

"काट्यार आठ ट्रक रांगेत. पयलो ओव्हरलोड, तेका भायर काढलो. मागचे सगळे एकेक जागा फुडे इले. दोन नंबराचो आता एक नंबरार उभो असा. आणि मी बोलयतंय, 'दोन नंबर येवंदे.' म्हणजे इलो कोण? मूळचो तिसरो." तिने तिसरी क्लिप उचलली. "दुसरो तोलल्याशिवायच रवलो." मग पाचवी उचलली, मग सातवी. टेबलावर चार क्लिप राहिल्या. दुसरी, चौथी, सहावी, आठवी. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. "चौथो म्हणजे पुंडलिकाचा घर."

मी इतकी वर्षं मुलांना ही गोष्ट फळ्यावर शिकवत आले. इतकी सोपी करून मला कधी सांगता आली नव्हती. हे मी तिला त्याच वेळी सांगितलं, आणि मघाशी ओरडले ते चुकलं, हेही सांगितलं. तिने पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली.

उपाय मी दिला. यादीची एक कॉपी काढायची, बोट कॉपीवर फिरवायचं आणि नावं मूळ यादीतून काढायची. एका ओळीचं काम. तिने ते केलं, आठ सुतकं ओळीत घालून चालवून बघितलं, आठही गळली. मला वाटलं, संपलं.

भिकूबाबांचा परत फोन आला. कुणीतरी त्या घरी येऊन सांगायला हवं, म्हणाले, की यात माणसाचा हात नाही. नाहीतर भाऊबंदांत आणि कमिटीत कायमचं वाकडं येणार. मी जाते म्हटलं. नूतन उठून उभी राहिली. "मेसेज माझ्या हातान गेलो. मी येतंय."

माझ्या स्कूटरवरून आम्ही दोघी गेलो. आठ घरं खरोखरच एका ओळीत होती, पोफळींच्या सावलीला, एकाच्या पडवीतून दुसऱ्याची पडवी दिसेल अशी. भिकूबाब तिठ्यावर थांबले होते. ते आम्हाला चौथ्या घरात घेऊन गेले.

पुंडलिकाची बायको, पार्वतीकाकी, भिंतीला टेकून बसली होती. शेजारी सून. पडवीत दोन दीर उभे होते, त्यांनी आमच्याकडे पाहून तोंड फिरवलं. मी बोलायला सुरुवात करणार तर नूतन सरळ जाऊन काकीच्या समोर जमिनीवर बसली.

"काकी, तो मेसेज माझ्या चुकीन गेलो. मशीनीची चूक न्हय. मी तेका चुकीचा सांगितलंय."

भिकूबाब खाकरले. मशीनचीच चूक असं सांगायचं ठरलं होतं. पण नूतन हलली नाही.

पार्वतीकाकीने पदराखालचा मोबाइल काढून पुढे ठेवला. "त्याच्या मोबाइलार इलो," ती म्हणाली. "मोबाइल माझ्याकडेच असा. वाजलो म्हणान बघितलंय. पालखी येता म्हणान वाचलंय आणि उठान समई घासूक बसलंय. दर वर्सा तो सांगी, 'समई घास गो, उद्या पालखी.' अर्धी घासल्यार याद जाली." तिने नूतनकडे बघितलं. "तितको वेळ तो घरात होतो, बाय. तू रडा नको."

रडत मीही होते, पण ते कुणी बघितलं नाही. पडवीतला धाकटा दीर आत येऊन पाण्याचा तांब्या ठेवून गेला. त्यावरून मला कळलं की भांडण मिटलं.

निघायच्या आधी काकीने भिकूबाबांना विचारलं, "शेवटच्या दिसाक बोलावणें येतला मगे? आठांकय?"

हे मला माहीत नव्हतं. सुतकामुळे ज्यांच्या दारी पालखी गेली नाही, त्यांना पालखीच्या शेवटच्या दिवशी देवळात बोलावतात. ती घरं आपापलं आरतीचं ताट घेऊन तिथे जातात. बोलावणं आल्याशिवाय मात्र कुणी जात नाही, आणि गावसांची रीत अशी की आठ ताटं एकदम उठायची. एकाला जरी बोलावणं चुकलं तरी बाकीचे सात उंबरा ओलांडायचे नाहीत. तोवर सुतक फिटून दोन दिवस होणार होते.

"येतला," भिकूबाब म्हणाले. "आता कंप्युटरातसून सगळ्यांक येता."

नूतनचा चेहरा एकदम उतरला. सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, आम्ही नुसत्या उठलो. तिठ्यावर पोचताच तिने माझी बाही धरली.

"मॅडम, मेसेज धाडून झाल्यार स्क्रिप्ट यादी परत फायलीत सेव्ह करता."

"मग?"

"काढलेली नावां सोडून सेव्ह करता."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. चार घरांना नको तो मेसेज गेला होता हे खरं, पण उरलेली चार घरं यादीतून कायमची पुसली गेली होती. पहिलं, तिसरं, पाचवं, सातवं. त्यांना शेवटच्या दिवसाचं बोलावणं गेलंच नसतं. आणि मी मोठ्या दिमाखाने दिलेल्या एका ओळीच्या उपायाने काय झालं असतं? आज संध्याकाळपासून सुतकाचं एकही घर यादीत शिल्लक राहिलं नसतं. चार चुकायचे ते आठच्या आठ. काकीने विचारलं नसतं तर आम्हाला ते पुढच्या भांडणात कळलं असतं.

"भिकूबाब, बॅकअप आहे का?" मी विचारलं.

"तो कितें?"

"जुनी यादी. कुठेतरी लिहिलेली."

"वही असा मगे," ते म्हणाले, जणू हे विचारायचीही गरज नव्हती.

वही देवळाच्या कचेरीत होती. कापडी पुठ्ठ्याची, त्यांच्या आधीच्या सेक्रेटरीने सुरू केलेली. वाड्यावार, घरांच्या ओळीने नावं. नूतन पानं उलटत होती. काही नावांपुढे पेन्सिलीचे ठिपके खोडलेले दिसत होते.

"हे कसले?"

"सुतकाचे. लागला की ठिपको घालतंय, फिटला की रबरान पुसतंय."

"नाव कापूचा नाय?"

भिकूबाबांना ते विचारणंच आवडलं नाही. "जित्या घराचा नाव कोण कापता, बाय? वही ती वही. पालखीवाल्यांक सांगूक मी वेगळी चिठी करी. वहीतसून बघान, ठिपको असा तो सोडून बाकीची नावां चिठीर लिवची. काम झाला की चिठी फाडून टाकूची."

नूतनने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. आमच्या धंद्यातले जाणते लोक हेच सांगतात. ज्या यादीवरून चालायचं तिला हात लावायचा नाही, हवी ती नावं उचलून नवी यादी करायची. आम्हाला ते पुस्तकातून कळतं. भिकूबाब ते बॉलपेन आणि पेन्सिल घेऊन वर्षानुवर्षं करत होते, आणि आम्ही त्यांना सुधारायला गेलो होतो.

पाचला वीस मिनिटं होती तेव्हा आम्ही ऑफिसात पोचलो. नूतनने आधी वहीतून उतरवून आणलेली ती चार नावं परत यादीत घातली, आपापल्या जागी. मग स्क्रिप्टमधली नाव काढायची ओळच खोडली. त्या जागी नवी रिकामी लिस्ट केली आणि सुतक नसलेली घरं एकेक करून तिच्यात घातली. त्या लिस्टला तिने नाव दिलं 'चिठी'. फाइल सेव्ह करायची ओळही गेली. मी या खेपेला खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि प्रत्येक ओळ वाचली. तिने टेस्टला आठ सुतकं ओळीत घातली, मग पहिल्याच घराला, मग अगदी शेवटच्या दोन घरांना, मग अख्ख्या वाड्याला. पाच वाजता मेसेज गेले. भिकूबाबांचा फोन आला नाही, म्हणजे बरोबर गेले.

अमोल बाहेर आला. "फिक्स झालं?"

"झालं. नूतनने केलं."

"ठीक आहे," तो म्हणाला. डाटा एंट्रीचा विषय त्याने परत काढला नाही आणि मीही काढला नाही.

पालखीच्या शेवटच्या दिवशी नूतन मला म्हणाली, "मॅडम, मी बघूक जातंय." मी तिच्याबरोबर गेले. देवळापुढे गर्दी होती. गावसांची आठही घरं एका बाजूला उभी होती, सुनांच्या हातांत ताटं. नूतन ओठ हलवत ताटं मोजत होती. मी मोजली नाहीत, तिच्या चेहऱ्यावरून मला आकडा कळला.

भिकूबाबांनी आमचा प्रिंटआउट हातात घेतला आणि एकेक नाव वाचून घरांना पुढे बोलवायला लागले. पहिलं घर गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं.

"पुंडलिक विठू गावस," त्यांनी वाचलं आणि तेच अडखळले.

यादीतलं नाव बदलायला हवं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. घर त्याच्या नावावर होतं, म्हणून नाव त्याचंच राहिलं होतं. नूतनची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"असा हंय," मागून आवाज आला. पार्वतीकाकी होती. तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. "चल गो."

सून ताट घेऊन पुढे गेली. भिकूबाबांनी घसा साफ केला आणि पाचवं नाव वाचलं.

आरती झाल्यावर नूतन काकीपाशी गेली. नाव कधी बदलू, असं तिने विचारलं. "या वर्सा रवांदे," काकी म्हणाली. "फुडल्या वर्सा सुनेचा घाल."

नूतन अजून आमच्याकडेच आहे. आता इतरांच्या स्क्रिप्ट तपासायचं काम माझ्यापेक्षा तीच जास्त करते. कुणी नवा मुलगा टेस्ट करून आणली म्हणून कागद पुढे ठेवतो, तेव्हा ती कोड बघायच्या आधी टेस्टची नावं बघते. ती सुटी सुटी घेतलेली असली तर कागद न वाचता परत देते.

"चार भाऊ एका रांगेत घाल," ती म्हणते, "आणि मगे दाखय."